अर्धा कागद इथला, अर्धा तिथला

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावांत ‘व्हिसा आला’ ही बातमी लग्न ठरल्याच्या बातमीसारखी घरोघर फिरायची. ज्याच्या नावावर आला त्याच्या घरी बांगड्या मोडायच्या की आंब्याची कलमं गहाण टाकायची, याची बोलणी सुरू व्हायची. मग तो एसटीने मुंबई गाठायचा, भेंडीबाजारात नाहीतर माहीमला नातेवाइकाच्या खोलीत पथारी टाकायचा आणि एजंटाच्या दारात उभा राहायचा. तिथे त्याला कळायचं, की हातातला कागद अर्धाच आहे. कुवेतच्या किंवा दम्मामच्या कुणा कफीलने, म्हणजे हमीदार मालकाने, ‘हा माणूस माझ्या जबाबदारीवर येऊ द्या’ असं सांगितलं होतं. भारत सरकारने मात्र ‘याला जाऊ द्यायला आमची हरकत नाही’ असं अजून म्हटलेलं नव्हतं. तो दुसरा अर्धा कागद प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कचेरीतून मिळायचा. सरकारी मराठीत उत्प्रवासी संरक्षक.

आखातात जाऊन आलेली माणसं पहिल्या अर्ध्याला ‘अरबांची रीत’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘आपली बाबूगिरी’. दोन्हींना शिव्याही वेगवेगळ्या पडतात. जुने कायदे आणि आखाताचा इतिहास शेजारी ठेवून वाचला तर मात्र ही दोन्ही एकाच घरची भावंडं निघतात. ते घर म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचं सरकार.

धाकट्याआधी थोरल्याची, म्हणजे आपल्या बाबूगिरीची, गोष्ट. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि मॉरिशसच्या ऊसमळ्यांना नवे हात हवे झाले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून करारावर मजूर जाऊ लागले. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडची माणसं पुष्कळ होती. मॉरिशसमधल्या आजच्या मराठी कुटुंबांचं मूळ तिथेच सापडतं. फसवून नेल्याच्या, जहाजावर कोंबल्याच्या तक्रारी लंडनपर्यंत गेल्या. १८३७ च्या कायद्याने ठरवलं, की जाणाऱ्याने सरकारी अधिकाऱ्यासमोर जातीने उभं राहायचं, सोबत एजंट हवा आणि कराराच्या अटी लेखी हव्यात. तक्रारी थांबल्या नाहीत, म्हणून वर्षभरात वाहतूकच बंद झाली. मळेवाल्यांचा दबाव वाढला तशी १८४२ मध्ये ती पुन्हा उघडली. पुढच्या कायद्यांनी बंदराबंदरांत ‘प्रोटेक्टर’ नेमले. अधिकारी, एजंट, लेखी करार आणि त्या तिघांसमोर उभा असलेला, वाचता न येणारा माणूस ही मांडणी तेव्हाच पक्की झाली. पुढची दीडशे वर्षं तिच्यातलं सामान बदललं, मांडणी बदलली नाही.

करारावर मजूर नेण्याची ही गिरमिट पद्धत मोडून काढा, असा ठराव मार्च १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात मांडला. ते गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे, म्हणजे ज्या मुलखातून माणसं मॉरिशसला गेली त्याच मुलखातले. सरकारी सदस्यांच्या बहुमतापुढे ठराव पडला. चार वर्षांनी मदनमोहन मालवीय यांनी तसाच ठराव आणला, तेव्हा सरकारने तो मान्य केला. तोवर गोखले हयात नव्हते. १९१७ मध्ये भरती थांबली.

यातून १९२२ चा उत्प्रवासन कायदा आला. हेतू चांगला होता, यात शंका नाही. अकुशल मजुराला करारावर परदेशी नेणं जवळजवळ बंद. सरकार जाहीर करील त्याच देशांत मुभा. कुशल कामगाराला नेता येईल, पण सरकारच्या परवानगीने आणि अटी तपासून. कायद्याने ‘उत्प्रवासन’ची व्याख्या केली ती समुद्रमार्गे देश सोडणं अशी. ती करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फिजी आणि नाताळचे मळे होते. दम्मामच्या तेलनळावर वेल्डिंग करायला निघालेला दापोलीचा पोरगा त्यांच्या स्वप्नातही असणं शक्य नव्हतं. तरी हाच कायदा पुढे एकसष्ट वर्षं त्याच्या वाटेवर उभा राहिला.

आता धाकटं भावंड. कफाला, म्हणजे कफीलच्या हमीची पद्धत, ही वाळवंटी टोळ्यांची जुनी पाहुणचाराची चाल, असं सर्रास सांगितलं जातं. आश्रय देण्याची चाल जुनी आहे हे खरं. पण परक्या कामगाराचा मुक्काम, नोकरी आणि परतीचा प्रवास हे सगळं एका स्थानिक माणसाच्या सहीला बांधणारी सरकारी पद्धत कुठून आली, याचा शोध बहारीनचे अभ्यासक उमर अल-शेहाबी यांनी घेतला आणि त्यांना तिची मुळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश कारभारात सापडली. १९१९ मध्ये बहारीनमध्ये अंमलात आलेल्या हुकुमाने तिथल्या परकीयांवरचा न्यायाधिकार ब्रिटिश पोलिटिकल एजंटाकडे गेला. आखाताचा हा सारा कारभार तेव्हा दिल्लीच्या सरकारचाच भाग होता. बहारीनच्या कचेरीत भारतीय दंडविधान चालायचं, फायली हिंदुस्थानी पद्धतीने लागायच्या आणि टपाल मुंबईमार्गे यायचं.

त्या काळी बहारीनचा मोठा धंदा मोत्यांचा. हंगामात गलबतांवर बाहेरून पाणबुडे यायचे आणि या माणसांवर लक्ष ठेवायला ब्रिटिशांजवळ पोलीस पुरेसे नव्हते. मग गलबतावरच्या माणसांची जबाबदारी नाखव्यावर टाकली गेली. माणूस पळाला, भांडला, कर्ज बुडवून गेला तर जाब नाखव्याला. सरकारी खर्चात बसणारी ही सोय इतकी उपयोगी पडली, की मोत्यांचा धंदा बसला आणि तेल निघालं तरी ती टिकली. नाखव्याच्या जागी व्यापारी आला, कंपनी आली. बाहेरून येणाऱ्यासाठी कुणीतरी स्थानिकाने हमी द्यायची आणि मग पोलिटिकल एजंटाच्या कचेरीतून ‘ना हरकत’ दाखला निघायचा. आज आखाती बोलण्यात एनओसी हा शब्द जिभेवर घोळतो, त्याची ही जन्मकथा. स्वातंत्र्यानंतर तिथल्या राज्यांनी ही पद्धत आपलीशी केली. कुवेतने तर पूर्ण स्वतंत्र होण्याच्या दोन वर्षं आधी, १९५९ मध्येच परकीयांच्या वास्तव्याचा कायदा करून टाकला.

बहारीनमध्ये १९३२ साली तेल लागलं, कुवेतमध्ये १९३८ साली. बहारीनची तेल कंपनी अमेरिकी भांडवलाची, पण नोकरांत बहारीनी आणि ब्रिटिश प्रजाजनांना पहिला मान द्यायची अट तिच्यावर होती. अमेरिकनांना आवरायला घातलेली ही अट मुंबईच्या कारकून, फिटर आणि सुतारांना फळली. हिंदी माणूस म्हणजे ब्रिटिश प्रजाजन, शिवाय गोऱ्यापेक्षा स्वस्त. कंपन्यांची भरती मुंबईत होऊ लागली.

पन्नाशीच्या दशकातल्या आखातात मुंबईच्या माणसाला फार परकं वाटत नसे. बाजारात हिंदुस्थानी बोललेली कळायची आणि खिशातला रुपयाच चालायचा. रुपये देऊन सोनं चोरून भारतात येऊ लागलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहारीनने स्वतःचा दिनार आणला. १९६६ मध्ये भारताने अवमूल्यन केल्यावर उरलेल्यांनीही रुपयाला रामराम ठोकला. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहारीन, कुवेत करत बसऱ्यापर्यंत जायच्या. डेकच्या तिकिटावर ताडपत्रीच्या सावलीत ट्रंक आणि वळकटी टाकून कोकणी, मलबारी, गोवेकर आणि सिंधी माणसं जात. गोवेकर १९६१ पर्यंत पोर्तुगीज प्रजाजन, त्यामुळे त्यांचे कागद वेगळे. धोबीतलावच्या गावोगावच्या ‘कुडीं’त, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांत, बोटीची वाट पाहत ते दिवस काढायचे.

या बोटींपैकी ‘दारा’ ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि बुडाली. २३८ माणसं गेली. आदल्या संध्याकाळी वादळ उठल्यामुळे बोट घाईने बंदराबाहेर काढली होती, त्यामुळे निरोप द्यायला चढलेले नातेवाईक आणि माल विकायला आलेले फेरीवालेही वर अडकले होते. आखाताच्या स्थलांतराच्या इतिहासातला हा दिवस मुंबईत फारसा कुणाच्या लक्षात नाही, याचं मला नवल वाटतं. याच ताफ्यातली शेवटची बोट ‘द्वारका’ १९८२ पर्यंत चालत राहिली.

कायदा मात्र या वाहतुकीला पुरेसा नव्हता. बड्या तेल कंपनीचं करारपत्र असेल तर प्रोटेक्टरच्या कचेरीत सगळं रीतसर व्हायचं. बाकीच्यांचं घोडं पासपोर्टपाशीच पेंड खायचं. पासपोर्ट कुणाला द्यावा हे सांगणारा कायदाच नव्हता; तो सरकारच्या मर्जीचा मामला. न शिकलेला गरीब माणूस परदेशात जाऊन देशाची शोभा करील, ही धास्ती स्वतंत्र भारताच्या अधिकाऱ्यांनाही होती, आणि इंग्लंडला जाऊ पाहणाऱ्या अकुशल माणसांना पन्नाशीच्या दशकात पासपोर्ट नाकारले गेले ते यातूनच. मग कुणी हजला जाऊन मागे राहायचं, कुणी लाँचमध्ये बसून खोरफक्कानच्या किनाऱ्यावर रात्री उतरायचं. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. सरकारला त्याच वर्षी घाईने पासपोर्ट कायदा करावा लागला. साहनी हे मोटारींच्या सुट्या भागांच्या आयात-निर्यातीतले व्यापारी, मजूर नव्हेत. मजुराच्या मार्गातला १९२२ चा कायदा जागच्या जागी राहिला.

पुढे १९७३ चं अरब-इस्रायल युद्ध आणि तेलाची टंचाई. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव १९७४ च्या जानेवारीत साडेअकरा डॉलरच्या पुढे गेला आणि आखातात रस्ते, बंदरं, विमानतळ, इस्पितळं एकदम बांधायला निघाली. १९७६ मध्ये भारतातून जेमतेम चार हजारांवर कामगारांना सरकारी मंजुरी मिळाली होती. १९८१ मध्ये तो आकडा पावणेतीन लाखांच्या पुढे होता. आणि हे फक्त सरकारदप्तरी नोंद झालेले. पाच वर्षांत साठपटींहून अधिक काम आलं, आणि कायदा तोच, मोत्यांच्या गलबतांच्या काळातला.

या फटीत एजंट उभा राहिला. १९२२ च्या कायद्यात खाजगी भरती एजंटांच्या नोंदणीची व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे एक खोली, एक टाइपरायटर आणि रियाधमधला एक ओळखीचा माणूस एवढ्यावर धंदा उघडायचा. व्यवहार असा चाले. कफील आपल्या सरकारकडून समजा पन्नास माणसांचा व्हिसा काढतो. तो मुंबईच्या एजंटाला ‘डिमांड लेटर’ आणि मुखत्यारपत्र पाठवतो. नियमाप्रमाणे भरतीचा खर्च मालकाचा. प्रत्यक्षात मालकच व्हिसे विकतो, एजंट ते घेतो, एजंटाचे सबएजंट गावोगाव हिंडतात आणि प्रत्येक जण आपला वाटा चढवतो. शेवटच्या पायरीवर म्हसळ्याचा माणूस तिथल्या पगाराची काही महिन्यांची रक्कम आगाऊ मोजतो. काहींना तर नोकरी नसलेला नुसता व्हिसा विकला जाई. त्याला ‘आझाद व्हिसा’ म्हणतात. कफील कागदावर, काम जिथे मिळेल तिथे, आणि पकडलं गेलं तर आपलं आपण. इतकं आझाद, की त्याच्या मागे कुणीच नाही.

ट्रेड टेस्टचा दिवस मात्र सच्चा असायचा. मालकाचा माणूस मुंबईत यायचा, उपनगरातल्या एखाद्या शेडमध्ये गवंड्याकडून भिंत रचून घ्यायचा, प्लंबरकडून नळ जोडून घ्यायचा, वेल्डरच्या पट्टीवरचा सांधा हातोड्याने ठोकून बघायचा. त्या एका दिवसापुरता कागदांचा बाजार बंद पडायचा आणि हाताची किंमत व्हायची. दुसऱ्या दिवशी मेडिकल, मग पुन्हा कागद. मुंबईत सही केलेल्या करारात एक पगार असायचा आणि तिथे उतरल्यावर अरबीत लिहिलेला दुसरा करार पुढे यायचा. ‘यावर सही कर, नाहीतर परत जा.’ परत जायचं कुठे? सावकाराकडे? माणूस सही करायचा. पासपोर्ट कफीलच्या कपाटात जायचा आणि बदल्यात अकामा, म्हणजे तिथला वास्तव्याचा परवाना, मिळायचा.

फसवणुकीच्या तक्रारी न्यायालयात पोचल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये, नवा कायदा होईपर्यंत एजंटांची नोंदणी कशी करायची याची तत्त्वं घालून दिली. नवा कायदा १९८३ मध्ये झाला आणि त्या वर्षीच्या ३० डिसेंबरला लागू झाला. मसुदा करणाऱ्यांच्या नजरेत विमानाने जाणारा गवंडी होता, तरी सांगाडा १८३७ चाच. एजंटाला नोंदणीचं प्रमाणपत्र आणि अनामत सक्तीची. कराराच्या अटी तपासायच्या, परतीच्या खर्चाची तजवीज बघायची आणि मग प्रोटेक्टरने मंजुरी द्यायची. मुंबईत ही कचेरी अनेक वर्षं सांताक्रूझ पश्चिमेला खिरा नगरात होती. नोंदणीशिवाय धंदा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड किती, तर २,००० रुपयांपर्यंत. एका माणसाच्या व्हिशावर एजंट याच्या कितीतरी पट मिळवायचा.

मंजुरी कुणाला लागायची आणि कुणाला नाही, ही यादी वाचण्यासारखी आहे. पदवीधराला नाही. आयकर भरणाऱ्याला नाही. सीडीसी (खलाशाची सरकारी नोंदवही) असलेल्या खलाशाला नाही, त्यामुळे एकाच घरातला बोटीवर जाणारा थोरला भाऊ सरळ निघून जायचा आणि गवंडीकाम करणारा धाकटा खिरा नगरात रांगेत थांबायचा. बाकीच्यांच्या पासपोर्टवर शिक्का: ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’. गावातल्या बोलण्यात ‘चेकवाला पासपोर्ट’. ज्याला जगाची माहिती कमी त्याची तपासणी सरकारने करावी, हा विचार वरवर बरोबर दिसतो. पण तपासणी व्हायची ती जाणाऱ्याच्या कागदांची. रियाधमधल्या कफीलची चौकशी खिरा नगरातून कोण करणार? कागद बरोबर असला की मंजुरी, आणि कागद बरोबर करून देणं हाच तर एजंटाचा धंदा. शिवाय ज्याचे कागद बरोबर नसत त्याच्यासाठी विमानतळावर ‘पुशिंग’ होतं. १९८१ मध्ये उघडलेल्या सहारच्या नव्या टर्मिनलवर ठरावीक काउंटर, ठरावीक वेळ आणि ठरावीक रक्कम, की शिक्का नसलेला माणूस पलीकडे. मजुराला वाचवायला घातलेलं कुंपण शेवटी त्याच्याकडूनच पैसे काढायचा नाका झालं. माझ्या मते १९८३ च्या कायद्याचं खरं अपयश हे आहे. एजंट सुटले, यापेक्षाही मोठं.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतलं. तिथे तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. अनेकांचे पासपोर्ट कफीलकडे, आणि कफील देश सोडून पळालेले. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला गेले. बसगाड्यांतून इराकमार्गे जॉर्डनला, वाळवंटातल्या छावण्यांत थांबून अम्मानला, तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला असा प्रवास ठरला. एकोणसाठ दिवसांत ४८८ फेऱ्या झाल्या आणि एक लाखाहून अधिक माणसं परत आली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांना तात्पुरते प्रवास दाखले लिहून दिले गेले. एरवी एकेका कागदाला महिने लावणाऱ्या यंत्रणेने माणूस भारतीय आहे एवढं पाहून त्याला विमानात बसवलं. युद्ध संपल्यावर कुवेत पुन्हा उभं राहू लागलं आणि परत आलेल्यांतले पुष्कळ जण पुन्हा एजंटाकडे गेले, पुन्हा मेडिकल, पुन्हा खिरा नगर.

नंतरचे बदल थोडक्यात सांगता येतात. २००७ मध्ये पदवीची अट उतरून दहावी पासवर आली आणि कोकणातल्या बऱ्याच मुलांची चेकमधून सुटका झाली. प्रोटेक्टरची मंजुरी संगणकावर गेली. मुंबईची कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात हलली. एजंटाने कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर कर एवढेच घ्यावेत, असा नियम २०१७ मध्ये झाला. तो पाळला जातो का, हे कुठल्याही गावात विचारून बघावं. पलीकडे बहारीन, कतार आणि सौदीने कफाला सैल केल्याचं जाहीर केलं, पण घरकामाला गेलेल्या बायकांना त्याचा लाभ सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी मिळाला.

जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र खात्याने जाहीर केलं, की चेकवाल्यांचा पासपोर्ट यापुढे नारिंगी रंगाचा असेल, बाकीच्यांचा निळाच राहील. म्हणजे दहावी न झालेला माणूस विमानतळावरच्या रांगेत लांबूनच ओळखू आला असता. केरळपासून मुंबईपर्यंत ओरड झाली आणि महिना संपायच्या आत निर्णय मागे घेतला गेला. मधल्या काळात तो शिक्काही गेला होता. आता ज्याला मंजुरी लागते त्याच्याच पासपोर्टवर तशी ओळ छापलेली असते आणि ज्याला लागत नाही त्याच्यावर काहीच लिहिलेलं नसतं. मंजुरी लागणाऱ्या देशांची संख्या मात्र अठरा आहे, आणि आखाती अरब सहकार परिषदेची सहाही राज्यं त्यांत अजून आहेत.